उलटतपास नाही

नीला टिपणीस आमच्या ऑफिसच्या प्रमुख होणार हे कळलं, त्या दिवशी साकेत म्हणाला, "संपलं. आता आरोपीचा बचाव सरकारी बाई करणार."

त्याचं म्हणणं अगदीच चुकीचं नव्हतं. टिपणीस मॅडम सव्वीस वर्षं सरकारी वकील होत्या. म्हणजे कोर्टात त्या उभ्या राहायच्या ते आरोपीला शिक्षा व्हावी म्हणून. ठाणे जिल्ह्यातल्या पाच-सहा कोर्टांत त्यांच्या बदल्या झाल्या आणि सगळीकडे त्यांचं एकच नाव होतं : टिपणीस बाईंची केस रेंगाळत नाही. अठ्ठावन्न पूर्ण झाल्यावर त्या रीतसर निवृत्त झाल्या, शाल-श्रीफळ घेतलं, आणि सहाएक महिन्यांनी नेमका उलट्या बाजूच्या कामासाठी अर्ज केला. ज्यांना वकील परवडत नाही अशा आरोपींसाठी पूर्ण वेळ पगारी वकिलांचं ऑफिस असतं. त्याला लोकअभिरक्षक कार्यालय म्हणतात. २०२३ साली मॅडम आमच्या ऑफिसच्या मुख्य झाल्या. साकेत त्यांच्या हाताखालचा उपमुख्य. आणि मी, वल्लरी, सहायकांमध्ये सगळ्यांत नवी.

पहिल्या दिवशी त्या बरोबर पावणेदहाला आल्या. ओळखपाळख झाली, चहा झाला. मग त्यांनी विचारलं, "तुमच्याकडे ज्या केसेस आहेत, त्यांतल्या किती जणांचे चेहरे तुम्हाला आठवतात?"

माझ्याकडे तेव्हा अकरा फायली होत्या. मी मनातल्या मनात मोजलं. दोन. तेही कोर्टाच्या व्हरांड्यात, पोलीस घाई करत असताना पाहिलेले.

"दोन," मी म्हटलं.

त्या रागावल्या नाहीत. "ठीक आहे. आजपासून असं करू. तुरुंगात जाऊन माणसाला भेटल्याशिवाय त्याच्या तारखेला उभं राहायचं नाही. आणि गुन्ह्याची जागा डोळ्यांनी बघितल्याशिवाय साक्षीदाराला प्रश्न विचारायचा नाही. एवढं दोनच."

"मॅडम, वेळ कसा काढायचा?" साकेतने विचारलं.

"वेळेचं मी बघते."

आणि खरंच बघितलं त्यांनी. आठवड्यातले दोन दिवस आमच्यापैकी निम्मे लोक तुरुंगात, निम्मे कोर्टात अशी पाळी लावून दिली आणि स्वतःचंही नाव पाळीत घातलं. तीन महिन्यांत मला माझे सगळे अशील नावानिशी ठाऊक झाले.

मॅडम मूळच्या डोंबिवलीच्या. आई लवकर गेली, लग्न केलं नाही. वडील हरिहर टिपणीस भूमी अभिलेख खात्यात मोजणीदार होते. जमिनींची मोजणी करायची, नकाशे काढायचे. त्यांना सगळे अप्पा म्हणत. नव्वदीला आलेले अप्पा अजून रोज सकाळी पेपर शेवटच्या पानापासून पहिल्या पानाकडे वाचायचे. मी दोन-तीनदा त्यांच्या घरी गेले होते. तिसऱ्या मजल्यावरची दोन खोल्यांची जागा, माळ्यावर ट्रंका, आणि खिडकीत अप्पांची वेताची खुर्ची.

मॅडम स्वतःबद्दल फारसं बोलत नसत. एकदा कल्याणहून रिक्षानं परत येताना मी विचारलं, की सरकारी वकीलच का व्हायचं ठरवलंत. त्यांनी आधी रिक्षावाल्याला वळण सांगितलं. मग म्हणाल्या, "सरकारी वकिलाला अशील नसतो. रडणारी माणसं समोर येऊन बसत नाहीत. फाईल येते. मला फाईल आवडायची." आणि थोड्या वेळानं, "मी चांगली होते गं त्या कामात."

ते खरं होतं. त्यांच्याविरुद्ध लढलेले म्हातारे वकील अजून सांगायचे, की टिपणीस बाई साक्षीदाराला तीन प्रश्न विचारणार आणि तिसऱ्या प्रश्नाला आपला आरोपी अडकलेला असणार.

त्या वर्षी नोव्हेंबरमध्ये एका बुधवारी मी आणि मॅडम तुरुंगात गेलो होतो. भेटीच्या खोलीत लांब बाक, त्यापलीकडे एक-एक करून कैदी यायचे. नाव, कलम, किती दिवस आत, घरी कोण, पूर्वीचा वकील कोण, असं मी लिहून घेत होते. सातवा माणूस आला. पन्नाशीचा, उंच, खांद्यातून वाकलेला. नाव सांगितलं : दगडू शेलार, राहणार मोहने. काम रंगाऱ्याचं. कल्याण पश्चिमेच्या एका सोसायटीत दिवसा घरफोडी झाली होती, त्यात आत. आठ महिने झाले होते.

मी लिहीत होते. तो माझ्याकडे बघतच नव्हता.

"तुम्ही टिपणीस बाई ना?" तो मॅडमना म्हणाला.

"हो."

"कोर्टात सरकारी होतात."

"होते. आता नाही."

"मला तुम्हीच आत टाकलेलं. दोन हजार नऊला."

मी पेन खाली ठेवलं. दारात उभा असलेला शिपाई आमच्याकडे बघायला लागला. मॅडम शांतपणे म्हणाल्या, "मला आठवत नाही. तुम्ही सांगा."

"तुम्हाला कसं आठवेल. अर्ध्या तासात संपलेलं."

मग त्यानं सांगितलं. आवाज कुठेही चढला नाही, जणू शेजाऱ्याची गोष्ट सांगतोय. तालुक्याच्या गावात एका गोदामातून तांब्याची तार चोरीला गेली होती. दगडू तिथे पूर्वी रंगकाम करून गेला होता. चोरी झाली त्या दिवशी तो मुरबाडकडे एका आश्रमशाळेच्या भिंती रंगवत होता. मुख्याध्यापकांनी ते सांगितलं असतं, पण त्यांना कुणी बोलावलंच नाही. कोर्टानं त्याला फुकट वकील दिला होता. त्या वकिलानं त्याचं नावसुद्धा विचारलं नाही. खटल्याच्या दिवशी तीन साक्षीदार झाले. दगडूनं वकिलाला मागून हळूच सांगायचा प्रयत्न केला, की साहेब, मी तिथे नव्हतो. वकील म्हणाला, गप्प बस. दीड वर्ष शिक्षा झाली, त्यानं ती पूर्ण भोगली.

"त्यानंतर आमच्याकडे कुठे पण चोरी झाली की पहिला मला उचलतात. का, तर रेकॉर्डवर आहे. ठेकेदार मोठ्या कामाला बोलवत नाही. आता हे."

मॅडम पुढे वाकल्या. "तुमच्या वकिलानं एकाही साक्षीदाराला प्रश्न विचारला नाही?"

"एकपण नाही. तुम्ही विचारलेत. तुम्ही चांगले विचारलेत."

तो उठला. "मला तुमची वकिली नको, बाई. दुसरं कोणी असेल तर द्या. नसेल तर राहू द्या."

"बरोबर आहे तुमचं," मॅडम म्हणाल्या. "ज्याच्यावर मी खटला चालवला, त्याची केस मी घेऊ नये. तुम्ही म्हणाला नसतात तरी घेतली नसती. या वल्लरी मॅडम तुमच्याकडून उभ्या राहतील, त्यांच्यावर साकेत सर लक्ष ठेवतील. मी तुमची फाईल उघडणार नाही. चालेल?"

दगडूनं पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं. मला वाटतं, माझं वय बघून त्याला काही फार आशा वाटली नसावी. "चालेल," तो म्हणाला.

परत येताना मॅडमनी माझ्या वहीतून त्याचं पूर्ण नाव उतरवून घेतलं.

दुसऱ्या दिवशी त्या ऑफिसला एक जुनी डायरी घेऊन आल्या. सरकारी, निळ्या कापडाच्या बांधणीची. प्रत्येक खटला संपला की त्याबद्दल दोन ओळी लिहून ठेवायची त्यांना सवय होती. सव्वीस वर्षांच्या सव्वीस डायऱ्या माळ्यावरच्या ट्रंकेत होत्या. २००९ची काढायला त्यांना शेजारच्या प्रितमला शिडीवर चढवावं लागलं होतं.

त्यांनी पान उघडून डायरी माझ्यापुढे सरकवली. बारीक, नेटकं अक्षर. आधी खटल्याचा नंबर, मग "दगडू भिवा शेलार". त्याखाली : तीन साक्षीदार. उलटतपास नाही. आरोपी मागून काही सांगू पाहत होता, त्याच्या वकिलानं गप्प केलं. जेवणाच्या सुट्टीआधी संपली. छान.

"शेवटचा शब्द वाच," त्या म्हणाल्या.

मी वाचला होता. "मॅडम, तुम्ही तुमचं काम केलंत. त्याच्या वकिलानं त्याचं केलं नाही."

"अप्पा पण रात्री आधी तेच म्हणाले." त्या खुर्चीत टेकून बसल्या. "मी त्यांना म्हटलं, त्याचा वकील काही करत नाहीये हे मला दिसत होतं. इथे लिहून ठेवलंय मी. दिसत होतं आणि मला आनंद झाला. मग अप्पा म्हणाले, नीलू, लगतच्या खातेदाराला नोटीस न देता केलेली मोजणी मी कधी कागदावर चढवली नाही. हद्द बरोबर का असेना. शेजारचा तिथे उभा पाहिजे, त्याला हरकत घेता आली पाहिजे. नाहीतर ती मोजणीच नाही." थोडं थांबून त्या म्हणाल्या, "मग त्यांनी दूध घेतलं आणि झोपले. मला मात्र झोप लागली नाही."

डायरी त्यांनी कपाटात ठेवली आणि मला विचारलं, की बाकीच्या सहा जणांच्या जामिनाचे अर्ज कधी तयार होतायत.

दगडूच्या फायलीकडे त्यांनी खरोखरच वळून पाहिलं नाही. साकेतनं सत्र न्यायालयात जामिनासाठी चांगला युक्तिवाद केला. चोरीचा माल मिळालेला नाही, ओळखपरेड झालेली नाही, आठ महिन्यांत तपासात काही भर पडलेली नाही. जामीन झाला. दगडूची बायको शेवंती त्याला न्यायला आली होती. ती मोहन्याहून विठ्ठलवाडीला दोन घरी पोळ्या करायला जायची, ते काम उरकून तशीच आलेली. तिनं मला विचारलं, "केस कधी उभी राहील मॅडम? आमचं काय आहे, माणूस घरी आला तरी घरी आल्यासारखा वाटत नाही बघा."

केस उभी राहिली पुढच्या वर्षी, जुलैमध्ये. त्याआधी एका रविवारी मी आणि साकेत त्या सोसायटीत गेलो. पोलिसांचा सगळा भर वॉचमनवर होता. धोंडीबा नावाचे साठीचे गृहस्थ. त्यांचा जबाब असा, की दुपारी दोनच्या सुमाराला रंगाचे डाग पडलेल्या कपड्यांतला हा माणूस बी विंगच्या जिन्यातून घाईघाईनं उतरताना पाहिला. धोंडीबांची सुट्टी असेल तोच दिवस आम्ही मुद्दाम निवडला होता. विरुद्ध बाजूच्या साक्षीदाराशी आधी बोलून ठेवणं बरोबर नाही. सोसायटीच्या सेक्रेटरींची परवानगी घेतली आणि गेटाजवळच्या प्लास्टिकच्या खुर्चीवर मी बसून बघितलं.

समोर रस्ता. डावीकडे ए विंगचं पार्किंग. उजवीकडे पाण्याच्या पंपाची खोली, आणि त्या खोलीच्या बरोबर मागे बी विंगचा जिना.

"दिसतोय?" साकेतनं विचारलं.

"नाही."

"उभी राहा."

उभी राहिले. तरी नाही. केबिनच्या दारातून, पायरीवरून, गेटातून, सगळीकडून बघितलं. साकेतनं मोबाइलवर फोटो काढले, अंतर पावलांनी मोजलं. परत निघताना तो म्हणाला, "बाईंचा हा नियम मला आधी येडेपणा वाटलेला. रविवार फुकट. आता माझ्या जुन्या केसेस आठवतायत. मी कुठेच गेलेलो नाही."

खटल्याच्या दिवशी मी जागेचे फोटो फाईलवर काढून ठेवले. सरकारी वकिलांनी धोंडीबांची साक्ष घेतली, ती पोलिसांच्या जबाबाप्रमाणेच आली. मग मी उभी राहिले.

"धोंडीबा, ड्यूटीवर तुमची खुर्ची कुठे असते?"

"गेटापाशी. केबिनच्या बाहेर."

"तोंड कुठे करून बसता?"

"रस्त्याकडे. गाड्या येतात ना."

"त्या खुर्चीवरून बी विंगचा जिना दिसतो का?"

धोंडीबा विचारात पडले. खोटं बोलणारा माणूस नव्हता तो. "नाही दिसत. मधी पंपाची रूम आहे."

"मग जिना उतरणारा माणूस तुम्ही कसा पाहिलात?"

"उतरताना म्हणजे, उतरताना असा नाही पाहिला," ते म्हणाले. "पोलीस साहेबांनी विचारलं, रंगाच्या कपड्यातलं कोणी आलेलं का. मी म्हटलं, आलेले. बाजूच्या बिल्डिंगचं रंगकाम चाललेलं, पाच-सहा जण आमच्याकडे पाणी प्यायला यायचे. मग मला फोटो दाखवला, हा येतो का म्हणून. मी म्हटलं, हा पण येतो."

"त्या दिवशी दोन वाजता हाच आला होता, असं तुम्ही सांगितलंत?"

"नाही. तसं मला कुणी विचारलंच नाही."

मी खाली बसले. न्यायाधीशांनी धोंडीबांना शेवटचा प्रश्न पुन्हा स्वतः विचारला आणि उत्तर शब्दशः लिहून घ्यायला सांगितलं. आरोपीच्या पिंजऱ्यात दगडू हात मागे बांधून उभा होता. त्याचा चेहरा बदलला नाही, पण तो माझ्या तोंडाकडे बघत होता.

बाहेर आल्यावर मी मॅडमना फोन लावला. "मॅडम, आज दगडू शेलारच्या केसमध्ये..."

"निकाल लागला का?"

"नाही अजून."

"मग निकालानंतर सांग. मी म्हटलं होतं ना, ती फाईल माझी नाही." आणि मग जरा वेगळ्या आवाजात, "तू जेवलीस का?"

ऑगस्टमध्ये दगडू निर्दोष सुटला. निकालाची नक्कल घ्यायला तो आणि शेवंती आले, तेव्हा शेवंतीनं पिशवीतून पेढ्यांचा पुडा काढला. दगडू मात्र कागद पुनःपुन्हा उलटसुलट करून बघत होता.

"हे झालं," तो मला म्हणाला. "पण ते जुनं आहे तसंच राहणार ना? परत कुठे काही झालं की ते माझंच नाव काढणार."

"जुन्या शिक्षेवर अपील करता येतं. पण मुदत तेव्हा महिन्याभराची होती. आता पंधरा वर्षं झाली. उशीर का झाला ते कोर्टाला पटवावं लागेल."

"मला कुणी सांगितलंच नव्हतं अपील असतं म्हणून."

"ते सिद्ध कसं करणार?"

त्यानं कागद घडी करून खिशात ठेवला. त्या दिवशी संध्याकाळी मॅडमना निकाल सांगितला आणि ओघात हेही सांगितलं. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं. मग उठून कपाट उघडलं आणि निळी डायरी टेबलावर ठेवली.

"मी शपथपत्र देते," त्या म्हणाल्या. "त्या दिवशी कोर्टात काय झालं याचं. त्याच्या वकिलानं एकही प्रश्न विचारला नाही, आरोपी सांगायला गेला तर त्याला गप्प केलं, आणि सरकारी वकिलाच्या हे लक्षात आलं होतं. उघड्या कोर्टात घडलेली गोष्ट आहे, कुणाचं गुपित नाही."

साकेतनं हातातला कप खाली ठेवला. "मॅडम, असं कोणी करत नाही. स्वतः जिंकलेल्या केसविरुद्ध? उद्या तुम्ही चालवलेल्या प्रत्येक केसबद्दल लोक विचारतील."

"विचारतील."

"आणि तुमचं नाव?"

"साकेत, तो वकील आता हयात नाही. मुख्याध्यापकही नाहीत, डायरी काढली तेव्हाच मी चौकशी केली होती. त्या खोलीतलं आठवून सांगू शकेल असं माझ्याशिवाय कोण उरलंय?"

आमचं ऑफिस ज्यांच्या अखत्यारीत येतं, त्या विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना मॅडमनी पत्र लिहिलं, की या प्रकरणात मी साक्षीदार होणार आहे, तेव्हा अपील आमच्या ऑफिसकडे न देता बाहेरच्या वकिलाकडे द्यावं. ते मृणाल नावाच्या एका वकिलाकडे गेलं. दगडूला त्याच्या तोंडावर विचारायला हवं होतं. मॅडमनी मलाच विचारायला सांगितलं : त्या बाईंचं शपथपत्र तुम्हाला चालेल का. दगडूनं मला ते दोनदा सांगायला लावलं. मग म्हणाला, "खरं लिहिणार असतील तर चालेल."

त्यानंतरचे काही महिने मॅडमना सोपे गेले नाहीत. जुने सहकारी कॉरिडॉरमध्ये भेटले की घड्याळाकडे बघायला लागले. एकानं तोंडावर सांगितलं, की निवृत्तीनंतर तुम्हाला मोठं व्हायचंय, त्यासाठी आमच्या सगळ्यांच्या कामावर डाग पाडताय. मॅडमनी त्यांना इतकंच विचारलं, की तुम्ही डायऱ्या ठेवल्या होत्या का.

रविवारी त्या डायऱ्या वाचत बसायच्या. अप्पा भिंग घेऊन मदत करायचे. सव्वीस वर्षांत उलटतपास न झालेले आणि शिक्षा झालेले, दगडूचा सोडून, चौदा खटले निघाले. त्यांची यादी त्यांनी प्राधिकरणाला दिली. आम्ही शोध घेतला. चौघांचा पत्ताच लागला नाही, पाच जण वारले होते. पाच जण भेटले. त्यांतल्या तिघांनी सांगितलं, की नको, आता मुलांना माहीत नाही, उगाच उकरू नका. एकजण म्हणाला की चोरी त्यानं केलीच होती, शिक्षा बरोबर होती, आणि आम्हाला चहा पाजला. राहिली मालन नावाची एक बाई, ती अपिलाला तयार झाली. तिचं प्रकरण अजून चालू आहे.

दगडूच्या अपिलात उशीर माफ झाला. सुनावणी २०२५च्या फेब्रुवारीत झाली. मी प्रेक्षकांच्या बाकावर बसले होते. जुन्या कागदपत्रांत तिन्ही साक्षींच्या खाली, टाइप केलेल्या अक्षरांत, डायरीतलेच दोन शब्द होते : उलटतपास नाही. मॅडमचं शपथपत्र त्याच्या जोडीला होतं. विरुद्ध बाजूला एक तरुण सरकारी वकील उभे होते. त्यांनी मॅडमना उलटतपासात विचारलं, "त्या वेळी हे तुमच्या लक्षात आलं होतं, तर कोर्टाच्या नजरेस का आणलं नाहीत?"

मॅडम साक्षीदाराच्या पिंजऱ्यात कठड्याला न टेकता उभ्या होत्या. "आणायला हवं होतं," त्या म्हणाल्या.

"का आणलं नाहीत, असं विचारतोय मी."

"केस लवकर संपत होती म्हणून."

न्यायाधीश काही क्षण लिहीत राहिले.

निकालात कुणावर ठपका नव्हता. आरोपीला बचावाची खरी संधी मिळाली नव्हती, एवढ्या वर्षांनी फेरसुनावणी घेण्यात अर्थ नाही, सबब शिक्षा रद्द आणि आरोपी निर्दोष, असं साडेसहा पानांत लिहिलं होतं.

नक्कल मिळाल्यावर दगडू आमच्या ऑफिसला आला. या वेळी एकटाच. मॅडम आत होत्या. मी म्हटलं, मी बाहेर थांबते, पण मॅडम म्हणाल्या, बस.

"आता कुणी विचारलं, पूर्वी काही गुन्हा होता का," दगडू म्हणाला, "तर काय सांगायचं?"

"सांगायचं, शिक्षेचा एकही गुन्हा नाही. आणि हा कागद दाखवायचा. चार नकला काढून ठेवा. एक पोलीस ठाण्यात मी पाठवते, पोच घेऊन."

त्यानं मान हलवली. जायला उठला, पण दारापाशी थांबला. "बाई, तुम्ही तेव्हा एक शब्द बोलला असतात ना, तर बरं झालं असतं."

"हो," मॅडम म्हणाल्या.

"आता बोललात." तो जरा घुटमळला. "शेवंतीनं सांगितलंय, विचारून या. तुमच्याकडे भांडणं-बिंडणं पण घेतात का? तिच्या बहिणीला नवरा घरात घेत नाही."

"ते प्राधिकरण घेतं, आम्ही तिला तिकडे जोडून देऊ. तिला गुरुवारी पाठवा. कागद असतील ते सगळे घेऊन यायला सांगा, नसतील तरी यायला सांगा."

तो गेल्यावर मॅडमनी डोळे पुसले की नुसता चष्मा पुसला, ते मी पाहिलं नाही. मी मुद्दाम खिडकीकडे बघत होते.

अप्पा त्याच वर्षी गेले, झोपेत, कुणाला त्रास न देता. मॅडमची करारावरच्या नेमणुकीची मुदत संपली तेव्हा त्यांनी ती वाढवून मागितली नाही. ऑफिस आता साकेत चालवतो. दोन्ही नियम तसेच आहेत आणि नव्या मुलांना तोच ते सांगतो. त्याच्या आवाजात मात्र मॅडमचा सौम्यपणा नाही, रविवारी जागा बघायला न गेलेल्याला तो सोमवारी फैलावर घेतो. मी गेल्या वर्षी पहिला खुनाचा खटला चालवला. हरले. अपील मीच लिहून दिलं.

मॅडम महिन्यातून एकदा ठाण्याला येतात, नव्यानं निवडलेल्या वकिलांना शिकवायला. दगडूचं प्रकरण त्या त्याच्या परवानगीनं सांगतात आणि त्यात स्वतःला कुठेही झाकत नाहीत. डायरीतला शेवटचा शब्दसुद्धा वाचून दाखवतात. परवाच्या वर्गात सोनल नावाच्या मुलीनं हात वर केला. "मॅडम, हे सगळं आमच्यासमोर सांगताना तुम्हाला कसं वाटतं?"

मॅडमनी थोडा विचार केला.

"अवघड जातं," त्या म्हणाल्या. मग टेबलावरचा कागद उचलला. "चला, जामिनाचा नमुना अर्ज. पान तीन काढा. यातली पहिली चूक कोण सांगतंय?"